श्रद्धा आणि उत्क्रांती : फुकटच्या समेटाची तपासणी



धर्मश्रद्धा आणि उत्क्रांतिविज्ञान यांचं भांडण अटळ आहे का, हा आजचा प्रश्न. आपल्याकडे त्याला एक ठरलेलं उत्तर मिळतं. हे भांडण पाश्चात्त्यांचं, त्यांच्या बायबलात सृष्टी सहा दिवसांत झाली म्हणून त्यांना डार्विन टोचतो. आपल्याकडे तर दशावतारातच उत्क्रांती सांगून ठेवलेली आहे. ऐकायला गोड वाटतं, टाळ्याही मिळतात. आज आपण हे उत्तर तपासणार आहोत, आणि त्याच्या आधी पश्चिमेतच झालेले दोन समेटही.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. समेट होऊ शकतो, पण फुकट होत नाही. ज्या समेटात कुणालाच काही सोडावं लागत नाही, तिथे दोन्ही बाजूंपैकी एक तरी नीट वाचलेली नसते.

सुरुवात त्या प्रसिद्ध भांडणापासून करू. ३० जून १८६०, ऑक्सफर्ड. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' बाहेर येऊन सात महिने झालेले. बिशप विल्बरफोर्स यांनी थॉमस हक्सलींना माकड आजोबांविषयी खोचक प्रश्न विचारला आणि हक्सलींनी त्यांना गप्प केलं, अशी गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. पण त्या सभेचं शब्दशः टिपण उपलब्ध नाही. आज रंगवून सांगितली जाते ती गोष्ट बरीचशी नंतरच्या आठवणींवर उभी आहे. विल्बरफोर्स यांनी या पुस्तकाचं परीक्षणही लिहिलं होतं. त्यात धर्माच्या आक्षेपांबरोबर विज्ञानाचे आक्षेपही भरपूर आहेत, आणि ते हुशारीने लिहिलंय हे खुद्द डार्विनने मान्य केलं होतं.

आता दुसरी बाजू बघा. चार्ल्स किंग्सली हे पाद्री आणि कादंबरीकार. पुस्तक हातात पडताच त्यांनी डार्विनला कळवलं की, स्वतःतून पुढची रूपं घडवू शकतील अशी मोजकी मूळ रूपं देवाने निर्माण केली, असं मानण्यात देवाचा मोठेपणा कमी होत नाही. डार्विनने हे मत नाव न घेता दुसऱ्या आवृत्तीत घातलं. ती आवृत्ती जानेवारी १८६० मधली. म्हणजे ऑक्सफर्डच्या खडाजंगीच्या आधीच समेटाची बोलणी सुरू झाली होती! पुढे १८७९ मध्ये एका पत्रात डार्विनने स्पष्ट लिहिलं की, माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो. उदाहरणं दिली दोन. एक किंग्सली, दुसरे एसा ग्रे.

हे एसा ग्रे म्हणजे आपला पहिला समेट. ग्रे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ, प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू लढवणारा सगळ्यात भक्कम माणूस. त्यांनी नैसर्गिक निवड मान्य केली. पण निवड व्हायची तर आधी फरक हवेत. एका पिल्लाची चोच जरा लांब, दुसऱ्याची जरा आखूड. हे फरक आणतो कोण? ग्रे म्हणाले, ते उपयुक्त दिशेने नेले जात असावेत. शेतकरी पाटाचं पाणी वळवून वाफ्यात नेतो, तसे.

डार्विनने याला १८६८ च्या ग्रंथात, अगदी शेवटच्या पानांवर उत्तर दिलं. समजा, कड्यावरून कोसळलेल्या धोंड्यांतून निवडून एखाद्याने घर बांधलं. कमानीला पाचरीसारखे दगड, छपराला सपाट दगड. प्रत्येक धोंड्याच्या आकाराला कारण आहेच. खडक कुठला, थर कसे, वादळ कुठलं. पण ते आकार या गवंड्यासाठी घडले, असं म्हणता येईल का? पुढे तो आणखी अडचणीचा प्रश्न विचारतो. माणसाने झुंजीसाठी क्रूर कुत्र्यांची जात पैदा केली. तीही कुत्र्यांत आपोआप उपजलेल्या फरकांतूनच. मग या खेळासाठी लागणारे फरकही देवानेच नेमून दिले होते का?

पुढे विज्ञानाने या मुद्द्यावर पुरावाही दिला. १९४३ मध्ये साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रूक यांनी जिवाणूंवर प्रयोग केला. विषाणूला दाद न देणारे जिवाणू हे विषाणू आल्यावर गरज म्हणून तयार होत नाहीत. ते आधीच, विनाकारण वाटावेत असे, अधूनमधून उपजलेले असतात. विषाणू येतो तेव्हा तेवढेच वाचतात. पाणी वाफ्याकडे वळवलं जात नाही. ते सगळीकडे सांडतं, आणि वाफा असेल तिथे पीक येतं.

ग्रे यांचा समेट यामुळे खोटा ठरला का? नाही. प्रत्येक फरकामागे कुणी तरी आहे, हे प्रयोगाने खोडता येत नाही. पण मग त्या 'कुणी तरी'ला उपयोगी फरकांबरोबर निरुपयोगी आणि घातक फरकांचंही पितृत्व घ्यावं लागतं. ही या समेटाची किंमत. ग्रे यांनी ती मोजायची तयारी दाखवली, म्हणून आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे.

दुसरा समेट स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाचा. १९९७ मध्ये लेखातून आणि १९९९ मध्ये 'रॉक्स ऑफ एजेस' या पुस्तकातून त्यांनी तो मांडला. जग कशाचं बनलंय आणि कसं चालतं, हे विज्ञानाचं क्षेत्र. जगायचं कशासाठी, चांगलं काय, हे धर्माचं. आपल्या भाषेत, सातबारे वेगळे, मग बांधावरून भांडण कशाला?

कल्पना नीटनेटकी आहे. अडचण एवढीच की, प्रत्यक्षात दोन्ही शेतकरी बांध कोरत आलेले आहेत. कॅथलिक चर्चचंच बघा. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला मोकळीक दिली, आणि १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही निव्वळ अटकळ राहिलेली नाही हे मान्य केलं. मोठी पावलं होती ती. पण आत्मा उत्क्रांतीतून आलेला नाही, ही अट कायम राहिली. १९५० च्या पत्रात तर सगळी माणसं एका आदामाचीच संतती, अनेक मूळ पूर्वजांची नव्हे, असाही आग्रह होता. हा मूल्यांचा प्रश्न आहे का? हा तर वंशावळीचा, म्हणजे सरळसरळ वस्तुस्थितीचा प्रश्न आहे.

आणि विज्ञानाच्या नावावर? १९२५ चा अमेरिकेतल्या डेटन गावचा खटला आठवा. जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून शंभर डॉलर दंड झाला, पुढे तांत्रिक कारणावरून तो रद्द झाला. आपण ती गोष्ट 'अडाणी धर्म विरुद्ध शहाणं विज्ञान' अशी सांगतो. पण ज्या पाठ्यपुस्तकावरून खटला झाला, त्या 'सिव्हिक बायॉलॉजी'त उत्क्रांतीबरोबरच मानववंशांची उतरंड होती, गोरे सगळ्यात वर. 'सदोष' कुटुंबांची वाढ रोखावी, असा सुप्रजननाचा पुरस्कारही होता. सरकारी पक्षाकडून उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन उत्क्रांतीबद्दल चुकले, पण 'बलवान तोच टिकेल' हा नीतीचा धडा होऊन बसेल, ही त्यांची धास्ती निराधार नव्हती. काय घडलं यावरून काय घडावं हे काढणं, हा विज्ञानाने कोरलेला बांध.

तेव्हा गूल्ड परिस्थितीचं वर्णन करत नव्हते, दोघांकडे मागणी करत होते. मागणी म्हणून ती आम्हाला पटते. पण ती करताना, सीमारेषा आपणच आखतोय आणि त्यात बहुतेक धर्मांना आपली बरीचशी जमीन सोडावी लागणार आहे, हे त्यांनी पुरेसं मोकळेपणाने सांगितलं नाही.

ही मागणी मानणारी माणसं असतात, हेही सांगितलं पाहिजे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डोव्हर गावच्या शाळेत 'बुद्धिमान रचना' या नावाने निर्मितीवाद घुसवायचा प्रयत्न झाला, तेव्हा तो कोर्टात हाणून पाडणाऱ्या साक्षीदारांत दोन कॅथलिक होते. एक धर्मशास्त्रज्ञ जॉन हॉट, दुसरे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर. मिलर यांनी एक पुरावा समजावून सांगितला. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझी-गोरिलात २४. पूर्वज एक असतील तर एक जोडी गेली कुठे? उत्क्रांती खरी असेल तर आपल्यात कुठे तरी दोन गुणसूत्रं जोडली गेल्याची खूण सापडली पाहिजे. ती सापडली. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मध्यभागी, एरवी फक्त टोकांना असतो तसा मजकूर आहे. सांधा स्पष्ट दिसतो.

पण इथे एक सावधगिरी. 'बघा, मिलर श्रद्धाळू. थिओडोसियस डोब्झान्स्कींसारखा थोर जनुकशास्त्रज्ञ ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. म्हणजे विरोध नाही,' हा युक्तिवाद लंगडा आहे. दोन गोष्टी एका डोक्यात राहू शकतात, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्या एकमेकींशी जुळतात की नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

आता तिसरा समेट, आपला, दशावताराचा. मत्स्य म्हणजे जलचर, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे सस्तन, नरसिंह अर्धा पशू, वामन बुटका आदिमानव, आणि मग परशुराम, राम, कृष्ण. ही मांडणी प्राचीन नाही, हे आधी लक्षात घेऊ. डार्विननंतरच्या वीसएक वर्षांत ती पुढे आलेली दिसते. थिऑसॉफीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या १८७७ च्या 'आयसिस अनव्हेल्ड' या ग्रंथात ती आहे, आणि ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ च्या व्याख्यानात ती मांडली. परकी सत्ता, मिशनऱ्यांची टीका, अशा काळात 'तुम्ही आता शोधताय ते आमच्याकडे होतंच' असं म्हणावंसं वाटणं समजण्यासारखं आहे. आज तीच मांडणी पुन्हा पुन्हा करण्याला मात्र तेवढं कारण उरलेलं नाही.

विज्ञानाच्या बाजूने ती का चुकते? 'ओरिजिन'मध्ये एकच आकृती आहे, आणि ती शिडीची नाही, फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाची आहे. कासव उभयचर नाही, सरपटणाऱ्यांच्या बाजूचं आहे. कासवाची फांदी आणि डुकराची फांदी तीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. वराह कूर्माचा वंशज नाही आणि माणूस वराहाचा नाही. आजचा मासा हा अर्धवट राहिलेला माणूस नाही. तोही आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आलाय.

श्रद्धेच्या बाजूने तर जास्त मोठी चूक आहे. अवतार म्हणजे खाली उतरणं. तोच विष्णू प्रत्येक वेळी, पूर्णपणे, कुणाला तरी वाचवायला येतो. मत्स्यावतार हा काही कच्चा विष्णू आणि कृष्ण पक्का, असं कुठला भक्त म्हणेल? पुराणातला काळ कृतयुगाकडून कलियुगाकडे घसरत जातो, आणि आपण त्यात बळंच प्रगतीची शिडी उभी करतो. अवतारांची यादीही ठरीव दहाची नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतार मोजून वर ते असंख्य आहेत असं सांगितलंय. आणि आपल्या महाराष्ट्रात तर कितीएक ठिकाणी नववा अवतार म्हणून बुद्धाच्या जागी विठ्ठल दाखवतात! सिंधुदुर्गात दशावतार रात्र रात्र बघणारा माणूस तिथे जीवशास्त्राचा धडा गिरवायला बसलेला नसतो. त्याच्या दशावताराला डार्विनच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

या शिडीला आपला शब्दही थोडा जबाबदार आहे. 'उत्क्रांती'मधला 'उत्' वर नेतो. वेदान्तात तर उत्क्रान्ति म्हणजे मरणाच्या वेळी जीवाने देह सोडून निघणं. डार्विनने पहिल्या आवृत्तीत हा शब्द टाळला होता. तो 'बदलांसह वंशपरंपरा' अशा अर्थाचे शब्द वापरत असे. त्यात वर-खाली काहीच नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी पार करून मनुष्यजन्म मिळतो, या आपल्या मनातल्या चित्रात मात्र माणूस शेंड्यावर बसलेला असतो. इथे खरा विरोध आहे. तो बायबलमधून आलेला नाही, आपल्या घरचा आहे.

आणखी एक घरचा विरोध दाखवतो, आणि तो जास्त खोल आहे. १८५१ मध्ये डार्विनची दहा वर्षांची मुलगी ॲनी वारली. १८६० मध्ये त्याने ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात एका माशीचा उल्लेख आहे. ही माशी जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते आणि तिची पिल्लं अळीला आतून खात वाढतात. प्रेमळ आणि सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम योजलं असेल, हे आपल्या गळी उतरत नाही, असं तो कळवतो.

या माशीची एक नातलग आपल्या ओळखीची आहे. कुंभारीण माशी. घराच्या भिंतीवर मातीचं घरटं करते, अळी पकडून आणून आत ठेवते, तोंड बंद करते. काही दिवसांनी आतून अळी नाही, नवी माशी बाहेर येते. यावरून आपल्याकडे कीटभृंग न्याय आला. अळी भीतीने माशीचं इतकं ध्यान करते की शेवटी तीच माशी होते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी आहे, आणि एकनाथांनी त्याच स्कंधावर टीका लिहिल्यामुळे ती मराठी घरांत पोचली. देवाचं ध्यान करणारा देवरूप होतो, असा त्याचा अर्थ.

प्रत्यक्षात काय होतं? माशी अळीला नांगी मारून बधिर करते, मारत नाही, म्हणजे ती सडत नाही. घरट्यात अंडं असतं. त्यातून निघालेलं पिल्लू त्या ताज्या अळीला खाऊन मोठं होतं. ज्यांनी हा दृष्टान्त दिला त्यांचं निरीक्षण खरं होतं, आत अळी गेली आणि बाहेर माशी आली. मधला भाग त्यांना दिसला नव्हता.

आता हे कळल्यावर श्रद्धेचं काय होतं? आमच्या मते इथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. अळीची माशी होते, हा निसर्गाबद्दलचा दावा संपला. त्याला वाचवायला जाऊ नये. ज्याचा ध्यास घ्याल तसे व्हाल, हा माणसाबद्दलचा अनुभव दृष्टान्तासह पडत नाही. दृष्टान्त गेला तरी वारीला जाणारा जातोच. पण मधे एक तिसरी गोष्ट आहे, आणि तीच दुखते. सृष्टीत सगळं कुणाच्या तरी भल्यासाठी चाललंय, हा दिलासा. बधिर झालेली अळी त्याला जाब विचारते.

आपल्याकडे त्यावर कर्मसिद्धान्ताचं उत्तर देतात. पण रूढ समजुतीप्रमाणे नवं कर्म बांधलं जातं ते मुख्यतः मनुष्यजन्मात. आपली जात तर सुमारे तीन लाख वर्षांची. त्याआधी कोट्यवधी वर्षं प्राणी एकमेकांना फाडून खात होते. ते कशाचं फळ? 'सृष्टी अनादि आहे, मागच्या कल्पांतली कर्मं आहेत', असं परंपरेतून उत्तर देता येतं. पण ते देताना आपण विचार करायला लागतो. आमचा आग्रह तेवढाच आहे. 'आमच्यात विरोधच नाही' म्हणणारा तिथपर्यंत पोचतच नाही.

आणि हे न पोचणं निरुपद्रवी नाही. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं नाही. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना पुराव्यावरून गुन्हा कसा उलगडतात, हे त्यांच्याहून कुणाला ठाऊक असणार! देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. मग २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' हा धडा नुसता 'आनुवंशिकता' झाला. कारण दिलं अभ्यासाचा भार कमी करण्याचं. १८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी पत्र लिहून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात विषय आहे, हे खरं. पण जो मुलगा दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेला जाईल, त्याने तो कुठे शिकायचा?

लक्षात घ्या, इथे डेटनसारखा खटला झाला नाही. कुणी धर्मग्रंथ घेऊन कोर्टात उभं राहिलं नाही. जिथे भांडण होतं तिथे निदान दोन्ही बाजूंना कळतं की काय पणाला लागलंय. जिथे 'आमच्याकडे ते आधीच होतं' असं वाटतं, तिथे धडा गेल्याचं दुःखही मोजक्यांनाच होतं. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. तो शिकवणाऱ्या शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की वर्गात दशावताराचा विषय निघाला तर तो झटकू नका आणि त्यावर मान डोलावून पुढेही जाऊ नका. फळ्यावर शिडी काढा, शेजारी झाड काढा, आणि मुलांनाच फरक विचारा.

तर, भांडण अटळ आहे का? श्रद्धा जिथे जीवसृष्टीचा इतिहास सांगू जाते, तिथे ते अटळ आहे, आणि तिथे श्रद्धेने मागे सरावं. श्रद्धा जिथे कसं जगावं हे सांगते, तिथे उत्क्रांतीला बोलायचा अधिकार नाही, आणि तिथे विज्ञानाच्या नावाने बोलणाऱ्यांनी मागे सरावं. मधल्या पट्ट्यात, सृष्टीला हेतू आहे का आणि वेदनेला अर्थ आहे का, तिथे कुणीच कुणाला हरवू शकत नाही. पण तिथे उभं राहायचं तर त्या अळीकडे बघून उभं राहावं लागतं. ग्रे आणि डार्विन यांचं यावर कधी एकमत झालं नाही. तरी दोघं एकमेकांना पत्रं लिहीत राहिले, एकमेकांचा मुद्दा नीट मांडून मग खोडत राहिले. आपल्याला एवढं जमलं तरी पुष्कळ.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.